फणसाचा पाट पुन्हा का उकलला?

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळचा, दोन फळ्या जोडून केलेला फणसाचा रुंद पाट आहे. सांधा सुटला म्हणून गेल्या जुलैत मी त्यात लाकडाचा पांढरा गम भरून दोन्ही फळ्या दोरीने आवळल्या आणि खालच्या आडव्या पट्ट्याही त्याच गमाने चिकटवल्या. मार्चमध्ये तो तिथेच उकलला. आता दुसरा गम वापरावा का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : केवळ गम बदलून हा पाट टिकणार नाही. पांढऱ्या गमात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण पाण्यात मिसळलेले असतात. ते पाणी लाकडाने शोषले की कण एकमेकांना बिलगून धरतात. कोकणातल्या जुलैत लाकूड आधीच ओलाव्याने फुगलेले असल्यामुळे गम सावकाश वाळतो, शिवाय जुना थर तसाच राहिला असेल तर नवा गम लाकडापर्यंत पोहोचतच नाही.

मात्र माझ्या मते खरा दोष आडव्या पट्ट्यांचा आहे. लाकूड रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे उन्हाळ्याकडे फळ्या आकसू लागल्या, तेव्हा पक्क्या चिकटलेल्या पट्ट्यांनी त्यांना हलू दिले नाही आणि ताण सांध्यावर आला.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काम हाती घ्यावे. प्रथम पट्ट्या सोडवाव्यात, जुना गम कोमट पाण्याने मऊ करून पटाशीने खरवडावा आणि फळ्या सावलीत पूर्ण वाळू द्याव्यात. मग दोन्ही कडांवर रंधा मारून त्या एकमेकींना टेकवून उजेडासमोर धराव्यात. फटीतून उजेड दिसला, तर पुन्हा रंधावे, कारण फट गमाने बुजते, पण जोड मजबूत होत नाही. कडेवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा : तो मुरला तर लाकूड उघडे झाले, मोत्यासारखा उभा राहिला तर जुना गम अजून शिल्लक आहे.

पाट धुतला जात असल्याने पाण्याला टिकणारा, वॉटरप्रूफ प्रकारचा गम घ्यावा. दोन्ही कडांना पातळ थर लावून दोरीऐवजी शिकंजे आवळावेत, सांध्यावर गमाचे बारीक थेंब सलग उमटले की दाब पुरेसा समजावा, आणि दिवसभर हात लावू नये. पट्ट्यांना मात्र गम अजिबात लावू नये. मध्यभागी एक स्क्रू घट्ट बसवून टोकांच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोके ठेवावीत, म्हणजे पावसाळ्यात फळी फुगली तरी तिला सरकायला जागा राहील.