आईची डिश काढायच्या आधी माझं ऐका (मोठं झालंय, वेळ असेल तेव्हा वाचा)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि २०२३ च्या दिवाळीतला मी आठवलो. तुम्ही बेंगळुरूला, तुमची आई नाशिकला एकटी, वय ७१, संध्याकाळी ७ ते १०.३० मालिका, मध्ये फोन केला तर "जाहिरात लागली की करते". म्हणून डिश काढायची, स्मार्ट टीव्हीवर दोन ॲप लावून द्यायची, म्हणजे त्या "भिकार" मालिका सोडून ती "काहीतरी बरं" बघेल, हा तुमचा बेत. नाशिकच्या जागी मिरज आणि बेंगळुरूच्या जागी पुणे टाका, की ती पोस्ट माझी होते.

आधीच सांगतो, मी टीव्हीच्या धंद्यातला नाही. केबल आणि डिशचे नियम, पॅकचे भाव बदलत असतात, तेव्हा पैशांचं काही माझ्या भरवशावर ठरवू नका. आणि हो, मी पुरुष आहे, वय ४९, आणि मीही मालिका बघतो. सुरुवातीला आईशी बोलायला विषय हवा म्हणून बघायचो. आता सवय लागली, लपवत नाही. टीव्ही कुठला घ्यावा, वायफाय कसं लावावं यात शिरत नाही, ते कुणीही सांगेल.

माझी चूक अशी झाली. दिवाळीत मोठा टीव्ही घेतला, दोन ॲपची वर्षाची वर्गणी भरली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी केबल कायमची बंद करून टाकली. केबलवाला पोरगा दारात म्हणाला होता, "दादा, महिनाभर राहू दे की, मग बघू." मी त्यालाच ऐकवलं, की तुमचा धंदा आता संपला. बॉक्स त्याच्या हातात देऊन मोकळा झालो. त्या "महिनाभर राहू दे"ची किंमत मला पुढे कळली.

पहिले आठ दिवस छान गेले. आई खूश, मी त्याहून खूश. मग एका ॲपने अपडेट घेतलं आणि स्वतःच लॉगआउट झालं. ओटीपी येणार माझ्या मोबाइलवर, मी मीटिंगमध्ये, मोबाइल सायलेंटवर. आई साडेसात ते नऊ टीव्हीसमोर बसून "कोण बघतंय?" असं विचारणाऱ्या त्या पडद्याकडे बघत राहिली. नंतर मला म्हणाली, "मी बघतेय असं चार वेळा सांगितलं त्याला." मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

पण खरं नुकसान ओटीपीने केलं नाही. ॲपची पैसेवाली वर्गणी असली की रात्रीचा भाग सकाळीच बघायला मिळतो, टीव्हीवर लागण्याच्या आधी. मला ही मोठी सोय वाटली होती. आई सकाळी चहासोबत सगळे भाग उरकून टाकायला लागली. संध्याकाळ मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या संध्याकाळी करायचं काय ते तिला कळेना.

आता यात मावशी येते. मावशी इचलकरंजीला. गेली कित्येक वर्षं रात्री साडेसातपासून दोघी आपापल्या घरी तोच भाग बघणार आणि जाहिरात लागली की एकमेकींना फोन करणार. तुमची आई म्हणते ना "जाहिरात लागली की करते"? ती खरोखर कुणाला तरी करत असेल. जरा चौकशी करा. तर इकडे मावशी रविवारपासून एका प्रोमोवर जीव टांगून बसलेली, आणि मंगळवारी संध्याकाळी आई तिला फोनवर सांगून मोकळी, "काही होत नाही गं, ते सगळं स्वप्न आहे तिचं." मावशी म्हणाली, "आक्का, तू आधी सांगत जाऊ नकोस." हिने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तिला राहवतच नाही. मावशीने फोन उचलणं कमी केलं. मला यातलं काही माहीत नाही. मी पुण्यात लोकांना सांगत सुटलोय की आईला मालिकांतून सोडवलं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला इचलकरंजीला गेलो, तेव्हा मावशीनेच कानउघाडणी केली. "तुझ्या त्या टीव्हीनं माझी बहीण नेली," असं तिचं म्हणणं. जरा नाटकी आहे ती, पण खोटं नव्हतं.

ठरवलं, केबल परत लावायची. सोपं असेल असं वाटलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद नकोत. जोडणी वडिलांच्या नावावर होती आणि वडील २०१८ मध्येच गेले. बंद करताना कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं. चालू करताना मात्र गावातलं ऑफिस म्हणालं, ग्राहक स्वतः आले पाहिजेत. म्हटलं, ते येऊ शकत नाहीत. मग मृत्यूचा दाखला आणा. आणला. मग वारसांची हरकत नाही असं पत्र, बहिणीच्या सहीसकट. बहीण वापीला. ते आलं तर म्हणे यावर तारीख आधीची आहे. फोनवरच्या मदत केंद्रात दर वेळी नवी व्यक्ती, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, दर वेळी नवा तक्रार क्रमांक आणि "४८ तासांत निवारण होईल". सातबाऱ्यावरून वडिलांचं नाव कमी व्हायला मला इतक्या खेपा पडल्या नव्हत्या, आणि तिथे तर तलाठी होता! शेवटी सरळ आईच्या नावाने नवं कनेक्शन, नवा बॉक्स, नवे पैसे. मार्च उजाडला. त्यातही जो "मराठी पॅक" गळ्यात मारला त्यात बातम्यांच्या वाहिन्यांची रांग होती आणि आईला हवी ती एकच वाहिनी नव्हती. तिच्यासाठी आणखी एक खेप.

मला नंतर कळलं, तुम्ही आधीच जाणून घ्या. कनेक्शन कायमचं न तोडता काही काळ तात्पुरतं बंद ठेवण्याची सोय ट्रायच्या (टीव्ही-फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांत आहे. लेखी मागा. आणि २०१९ पासून हव्या त्या वाहिन्या एकेक निवडून घेता येतात, पॅक घेण्याची सक्ती नाही. आईच्या वाहिन्या वहीत लिहून काढा आणि तेवढ्याच मागा. काउंटरवरचा माणूस "पॅकच स्वस्त पडेल" म्हणेल. कधी कधी ते खरंही असतं, म्हणून बेरीज स्वतः करा.

गंमत म्हणजे जोडणी परत आली त्याच महिन्यात 'आई कुठे काय करते' संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली. आईने दुपारची झोप सोडली, मावशीनेही. त्या नोव्हेंबरात मालिका संपेपर्यंत दोघींची जांभई फोनवर ऐकू यायची.

आता तुमचा दुसरा मुद्दा, की मालिका "भिकार" असतात. इथे मी थोडा भांडणार आहे. मालिका ताणतात हे मान्य. आठवड्याला सहा-सात भाग द्यायचे, चित्रीकरण जेमतेम काही दिवस पुढे, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येणार आणि आकडा घसरला की कथेत कुणाचं तरी अपहरण होणार. एक वाक्य, मग सात जणांचे चेहरे, मग पुन्हा तेच वाक्य. हे सगळं आईला तुमच्या-माझ्याहून जास्त कळतं. माझी आई प्रोमो बघून सांगते, "हे स्वप्न निघणार, तिच्या अंगावर कालचीच साडी आहे."

'ठरलं तर मग'चं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, मूळ तमिळ 'रोजा'वरून घेतलेली. पहिलं वर्ष माझ्या मते बांधेसूद होतं. करारावरचं लग्न, आश्रमातली मुलगी, वकील नवरा, आणि जुई गडकरीने सायली कुठेही रडूबाई होऊ दिली नाही. पण सायलीच खरी तन्वी, म्हणजे लहानपणी हरवलेली मुलगी, हे प्रेक्षकाला माहीत असताना घरातल्या कुणाला वर्षानुवर्षं कळू नये, याला काय म्हणायचं? मी वैतागून तमिळ मालिकेची कथा शोधून वाचली. तुम्ही वाचू नका. वाचलीत तर आईला सांगू नका. (हो, मी सांगितली. दोन दिवस अबोला.)

तरी त्याच मालिकेतली दुसरी गोष्ट सांगतो. पूर्णा आजी करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेल्या. आईने मला सकाळी फोन केला तो घरातलं कुणी गेल्यासारखा. त्या रात्री ती आणि मावशी तासभर बोलल्या, आणि अर्ध्याहून जास्त बोलणं त्यांच्या स्वतःच्या आजीबद्दल होतं, जिला मी पाहिलेलंही नाही. पुढे रोहिणी हट्टंगडी आजी म्हणून आल्या. एवढी मोठी अभिनेत्री, पण आईचं आठ दिवस एकच पालुपद, "चांगल्या आहेत, पण आमच्या नव्हेत." नवव्या दिवशी मान्य केलं.

'प्रेमाची गोष्ट'चं उलट झालं. जानेवारी २०२५ मध्ये तेजश्री प्रधानने मालिका सोडली, मुक्ता म्हणून स्वरदा ठिगळे आली. नव्या मुलीचं काम वाईट नव्हतं, पण आईने मालिकाच सोडली. मग ऑगस्टमध्ये 'वीण दोघांतली ही तुटेना' सुरू झाली, तेजश्री आणि सुबोध भावे, तर म्हणाली, "मुक्ता इकडे आलीय." लग्नाचं वय उलटून गेलं असं लोक ज्यांना म्हणतात, त्यांची गोष्ट आहे. तुम्हाला आईसोबत एखादी बघायचीच असेल तर मी हिच्यापासून सुरू करा म्हणेन. माझं मत, बंधन नाही.

'लक्ष्मी निवास'बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. निवृत्तीला आलेला बाप आणि स्वतःच्या घराचं स्वप्न, हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी ही दोघं समोर असली की मला आमचं मिरजेचं घर बांधतानाचे दिवस आठवतात. सिमेंटची पोती मोजत बसलेले वडील आठवतात. पण त्यातच जयंत आणि जान्हवीचं जे चालतं, ते मला बघवत नाही. बायकोवर पाळत ठेवणाऱ्या नवऱ्यामागे मंद संगीत लावलं म्हणून ते प्रेम होत नाही. आईशी यावर माझं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, असलं बघत जाऊ नकोस. ती म्हणाली, "आमच्या वाड्यात असा एक होता. तेव्हा कुणी बोलत नव्हतं, आता आम्ही दोघी रोज बोलतो त्याच्यावर." मी गप्प बसलो. पूर्ण पटलं नाही अजून.

कुणी लगेच 'आभाळमाया'चे दाखले देईल. १९९९ मध्ये मीही ती बघितली, शीर्षकगीत लागलं की अजून सगळं सोडून ऐकतो. पण तेव्हा आईला संध्याकाळी स्वयंपाक, आम्ही, वडिलांची शिफ्ट असं सगळं होतं. तिने तेव्हा अर्ध्याच मालिका पाहिल्या, त्याही ओट्याजवळून.

आणखी एक, जे ॲपवर हमखास हरवतं. मालिकांमधले सण बाहेरच्या सणांबरोबर येतात. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गणपती, जानेवारीत काळी साडी आणि हलव्याचे दागिने. आई मालिकेतल्या गौरींची साडी बघून आपल्या गौरींचं ठरवते. साठवलेले भाग नोव्हेंबरात बसून बघितले की तो गणपती शिळा वाटतो. मी तिला आग्रहाने जुने भाग लावून दिले होते, तर म्हणाली, "विसर्जन झालंय की रे."

ॲप अजिबात नको असं नाही. माझ्याकडे दोन्ही आहे. बाहेरगावी गेली की तिला ॲप लागतंच. फक्त सकाळचे भाग बघायचे नाहीत, हा करार तिचा आणि मावशीचा आपसातला आहे, मी त्यात नाही. ओटीपीसाठी आईचाच मोबाइल नंबर द्या, तुमचा नको. रिमोट दोन होतात, तेव्हा केबलच्या रिमोटला लाल चिकटपट्टी लावा. आणि टीव्हीचा आवाज आपोआप वाढतो अशी तक्रार आली तर आधी कानाची तपासणी करून घ्या. आमच्याकडे तेच निघालं.

तुम्हाला साडेसातला फोन लागत नाही, तर पावणेअकराला लावून बघा. त्या वेळी माझी आई सगळ्यात जास्त बोलते, कारण दिवसभराचा हिशोब नुकताच संपलेला असतो आणि मावशी झोपायला गेलेली असते.

बाकी काही करायच्या आधी नाशिकचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे तेवढं बघा. वडिलांच्या नावावर असेल आणि ते नसतील, तर पहिली खेप नाव बदलायची. चालू कनेक्शनवर ते होतं म्हणे, बंद पडलेल्यावर होत नाही.