जबड्याच्या उपचारासाठी एफडी मोडू का?

प्रश्न थोडक्यात असा: वसमतजवळ हळद-सोयाबीनची शेती. पत्नीचा जबडा सहा महिन्यांपासून दुखतो, तोंड उघडताना कानापुढं कटकट वाजतं. दवाखान्यात सांगितलं, चावा (म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं) बिघडलाय, दाढा घासून सगळ्यांवर कॅप बसवू. खर्च १,९०,०००. याच आठवड्यात पैसे भरले तर १० टक्के सूट. लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ३ लाखांची एफडी मोडू की सोनं तारण ठेवू?

दादा, आत्ता यातलं काहीच करू नका. वहिनींचा उपचार मात्र लगेच सुरू करा, कारण त्याची सुरुवात दोन लाखांनी होत नाही.

कानाच्या पुढे खालचा जबडा कवटीला जोडलेला असतो. त्या सांध्यात एक चकती असते, ती सरकली की आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुधा उपचारही लागत नाही. दुखणं पुष्कळदा चावण्याच्या स्नायूंचं असतं. झोपेत दात खाण्याने, ताणाने, दिवसभर दात आवळून धरण्याने ते वाढतं. बहुतेकांना साध्या उपायांनी आराम पडतो: कडक भाकरी, फुटाणे, ऊस काही आठवडे बंद, भाकरी वरणात कुस्करून खायची, शेक, जबड्याचे व्यायाम, डॉक्टरांनी दिल्या तर थोडे दिवस गोळ्या. गरज पडली तर रात्री दातांवर बसवायचा स्प्लिंट. हे सगळं काही हजारांत होतं, आणि नाही मानवलं तर थांबवता येतं.

घासलेली दाढ मात्र परत येत नाही. म्हणून दात किंवा चावा कायमचा बदलणारे उपचार टाळा, असं अमेरिकेची राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थाही रुग्णांना सांगते. पैशाच्या बाजूनेही माझं मत तेच. जो खर्च माघारी घेता येत नाही, तो सगळ्यात शेवटी.

सुटीचा हिशेब बघा. सूट १९,००० ची. उरलेले १,७१,००० सोन्यावर १० टक्क्यांनी उचलले, तर वर्षाचं व्याजच १७,१०० होतं. म्हणजे सूट जवळजवळ तिथेच संपली, आणि मिरगाच्या तोंडावर बी-खताला अडचण आली तर तारण ठेवायला सोनंही उरलं नाही. वहिनी सहा महिने दुखणं सोसतायत, त्यामुळे घाई वाटणं साहजिक आहे. पण आठवड्याची मुदत दवाखान्याने घातलीय, आजाराने नाही.

माझा सल्ला: हळदीच्या पैशातून २५,००० वेगळे काढा. दवाखान्याकडून निदान आणि उपचार लेखी घ्या, आगाऊ रक्कम भरू नका. मग छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दुसरं मत घ्या. पूर्णेहून थेट रेल्वे आहे. एक दिवस मोडेल, पण लाखाच्या निर्णयापुढे तो खर्च काहीच नाही. पुढचे दोन-तीन महिने साधे उपचार नेमाने होऊ द्या.

विम्यावर भिस्त ठेवू नका. अपघात सोडला तर दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. सांधा धुण्याची किंवा ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते. तशी आलीच, तर राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का हे रुग्णालयात या योजनेसाठी नेमलेल्या आरोग्यमित्राला विचारा. तरीही रक्कम कमी पडली तर एफडी मोडण्याआधी तिच्यावरच कर्ज मागा. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं आणि लेकीची ठेव शाबूत राहते.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकायची नाही. वहिनी सुपारी किंवा गुटखा खात असतील आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, तर तो वेगळाच आजार असू शकतो, त्यातून पुढे कर्करोगाचा धोका असतो. जबडा अडकला, सूज आली, ताप आला तरीही तसंच: मुदत, सूट, हिशेब सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.