कंपन्यांच्या एमडींना, म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांना, कोट्यवधींचा पगार मिळतो, तो जास्त आहे का?

माझ्या मते बऱ्याच ठिकाणी जास्तच आहे. नुसता आकडा मोठा म्हणून नाही. तो ठरवतं कोण, हा खरा मुद्दा.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 197 नुसार पब्लिक लिमिटेड कंपनीत एकट्या एमडीचा मोबदला निव्वळ नफ्याच्या 5 टक्क्यांपुढे जाऊ नये. पण भागधारकांनी विशेष ठराव केला, म्हणजे पडलेल्या मतांपैकी किमान तीन चतुर्थांश मतं बाजूने पडली, की ही मर्यादा ओलांडता येते. एमडी मालकाच्याच घरातला आणि बहुतेक शेअरही त्यांच्याकडेच, तर अडवणार कोण?

याच कलमामुळे शेअर बाजारातल्या कंपनीला संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे ते जाहीर करावं लागतं. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधोमध येतो तो मधला. पण ठेकेदाराची माणसं त्यात धरत नाहीत. मी यवतमाळ जिल्ह्यातला. इथल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, हंगामभर कापसाच्या गाठी उचलणारी कितीतरी पोरं ठेकेदाराचीच असतात. अशी माणसं या हिशेबात दिसतच नाहीत.

'साहेब जोखीम घेतात' हे मला पटत नाही. 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. पण भाव ठरलेला असला तरी बोंडअळी आली की तोटा शेतकऱ्याच्या अंगावर, त्याला ठरलेला पगार नाही. कंपनी तोट्यात गेली तरी साहेबाचा मूळ पगार बहुधा चालूच राहतो. नवा कारखाना उभा करून हजार घरं चालवणाऱ्याला भरपूर द्या, माझी हरकत नाही. पण तोट्याच्या वर्षी कामगार काढायचे आणि वर पगार वाढवायचा, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.