एफडी मोडण्याआधी बोटीवर मीटर लावा

शापोऱ्याच्या एका बोटमालकांनी विचारलं आहे : 'ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाल्यापासून फिशफाइंडर-जीपीएसचा (मासे आणि बोटीची जागा दाखवणारा) स्क्रीन मध्येच बंद पडतो. इंजिनाला स्टार्टर मारताना आणि व्हीएचएफ रेडिओवर बोलायला बटण दाबलं की हमखास. दुकानदार म्हणतो, बॅटऱ्यांसकट सगळंच नवं घ्या, 1,60,000 रुपये. मे महिन्यात मुदत संपणारी 3 लाखांची एफडी आहे, व्याज 7 टक्के. मोडू का?'

आज तरी मोडू नका. ही एफडी मे महिन्यात सुटते, म्हणजे 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत घर, जाळी आणि इंजिनाचं काम त्यावरच चालणार. त्या पैशाला हात लावायचा तर कारण पक्कं हवं, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं स्क्रीनपेक्षा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवतात. स्टार्टर आणि व्हीएचएफ दोघेही एकदम जास्त करंट ओढतात, व्होल्टेज खाली बसतं आणि स्क्रीन विझतो. जुन्याच वायरीवर नवा स्क्रीनही तसाच विझेल.

साधा मल्टिमीटर घ्या. बोट रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरी मोजा : 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवं. नाही दिसलं तर आल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा) किंवा त्याचा पट्टा बघा. मग एकाने व्हीएचएफचं बटण दाबून धरावं (अँटेना जोडलेला असावा, आणि चॅनल 16 सोडून दुसरा, कारण 16 संकटासाठी आहे) आणि दुसऱ्याने आधी बॅटरीच्या खुंटांवर, मग स्क्रीनच्या प्लगमध्ये मोजावं. खुंटांवर 12.4 आणि प्लगमध्ये 11.3 आलं, तर दोष वायरीत. स्टार्टर मारताना खुंटांवरच 10 च्या खाली गेलं, तर बॅटरी थकलेली.

वायरीचा हिशेब बघा. बॅटरीपासून केबिन 6 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 12 मीटर. 25 वॅटचा व्हीएचएफ बोलताना सुमारे 6 अँपिअर घेतो. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तेवढ्यात जवळपास 0.9 व्होल्ट जातात, 4 चौरस मिलिमीटरमध्ये 0.33. शिवाय खारं पाणी वायरीच्या आत चढत जातं. टोकाचं प्लास्टिक सोला. तांबं काळं किंवा हिरवट असेल तर चकचकीत लागेपर्यंत कापत जा. निगेटिव्हचा जोड विसरू नका, बहुतेक वेळा चोर तिथेच असतो.

म्हणून खर्च या क्रमाने करा. आधी 4 चौरस मिलिमीटरची कथील चढवलेली वायर, वायरीच्या टोकांना दाबून बसवलेले लग, त्यावर तापवली की आवळणारी, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज. मग स्टार्टरची बॅटरी वेगळी करून उपकरणांसाठी स्वतंत्र 100 अँपिअर-तासांची. दिवे धरून 5.5 अँपिअर भार दहा तास चालला तरी 55 अँपिअर-तास लागतात, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. एवढं करून प्लगमध्ये 12.5 असतानाही स्क्रीन विझला, तर फक्त तो एक बदला. दुरुस्तीला मात्र उशीर करू नका. व्हीएचएफ आणि जीपीएसवर भरवसा नसताना खोल समुद्रात जाणं हा जिवाशी खेळ आहे.

या कामाला समजा 20,000 लागले आणि हातात नसले, तर एफडीवर कर्ज घ्या. ते सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं. 9 टक्क्यांनी आठ महिन्यांचं व्याज 1,200 रुपये, आणि तेवढ्याच रकमेवर एफडी 933 रुपये देतच राहते. पदरचे गेले पावणेतीनशेच्या आत. मोडलीत तर जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा दर लागेल आणि बहुतेक बँका वर अर्धा ते एक टक्का दंड कापतात. कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीने मागा. त्यात रोजच्या शिल्लक रकमेवरच व्याज लागतं, म्हणून मासळीचे पैसे हाती येतील तसतसे भरत जा.