पाच वर्षांच्या मुलाला कोणती कार्टून बघू द्यावीत? शिनचॅन पूर्ण बंद करावं का?

शिनचॅन आत्ता बंद करा. मुलगा पाच वर्षांचा आहे म्हणून बंद करा, ‘पोरं बिघडतात’ म्हणून नको. आणि ते बंद करताना घरातला टीव्हीच बंद करून टाकू नका. मी टाकला होता, २०१३ साली, नऊ महिने. तुमच्या प्रश्नात ‘घरातले मोठे म्हणतात सगळंच बंद कर’ असं एक वाक्य आहे, ते वाचलं आणि लिहायला बसलो.

मी सोलापूरचा. टॉवेलच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे कापडातच विणून येणाऱ्या नक्षीची, डिझाईन काढतो. त्या वर्षी माझी मुलगी सात वर्षांची होती. संक्रांत होती, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं. एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी तिला विचारलं, “काय गं, अभ्यास करतेस का नुसता टीव्ही बघतेस?” तिनं मान तिरकी केली, आवाज जाड केला आणि शिनचॅनच्या चालीत हिंदीत उत्तर दिलं, “और आप दिनभर क्या करते हो अंकल?” सगळे हसले. पाहुणेही हसले. दादा हसला नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा. पाहुणे गेल्यावर म्हणाला, “ही जपानी थेरं बंद कर. सरकारनं २००८ ला ते कार्टून उगीच बंद केलं होतं का?” पुढच्या महिन्यात बांगलादेशानं डोरेमॉन हे दुसरं जपानी कार्टून बंद केल्याची बातमी आली. ते तिथे हिंदीत लागायचं, आणि पोरं हिंदी बोलायला लागली म्हणून. दादानं कात्रण कापून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “बघ, त्यांना आपल्या भाषेची चाड आहे.” दुसऱ्या दिवशी मी केबलवाल्याला बोलावून वायरच काढायला लावली. दादाचा शब्द मोडायची सवय नव्हती, दुसरं कारण नाही.

पोरगी दोन दिवस रडली, मग गप्प झाली. शाळेतून आली की “खेळायला जाते” म्हणून बाहेर. मला वाटलं, चला, सुटलो.

आम्ही तेव्हा पूर्व भागात राहायचो, अशोक चौकाच्या पलीकडे. शेजारी तेलुगू कुटुंब. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार. दिवसभर खडखडाट. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना सांगून कळायचं नाही, माग चालू असले की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. नोव्हेंबरमधल्या एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी मुलीला शोधत त्यांच्याकडे गेलो. मागच्या खोलीच्या दारात शेजारच्या वहिनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. त्यांनी नुसती मान हलवून आत दाखवलं.

आत फळीवर टीव्ही होता, त्यावर डोरेमॉन. समोर माझी मुलगी आणि तिच्या मांडीत वहिनींचा तीन वर्षांचा धाकटा. टीव्हीचा आवाज मागांच्या आवाजात बुडालेला. आणि माझी मुलगी त्या पोराच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. मी दोन पावलं पुढे गेलो तेव्हा ऐकू आलं. ती पडद्यावरच्या प्रत्येकाचं बोलणं स्वतः बोलत होती. मराठीत. नोबिताची आई होऊन: “परत भोपळा आणलास? थांब, येऊ दे तुझ्या बाबांना!” मग डोरेमॉन होऊन, शांत आवाजात: “काय करलालास रे नोबिता, मी किती वेळा सांगू?” ती आई म्हणजे हुबेहूब माझी बायको होती, आणि डोरेमॉन बराचसा मी. पोरगं टक लावून ऐकत होतं. त्याच्या घरात तेलुगू, बाहेर हिंदी, त्याच्या कानावर पडणारी मराठी एवढीच.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि चारही माग बंद पडले. खोलीत एकदम टीव्हीचा खरा आवाज आला, हिंदीतला डोरेमॉन. आणि ते पोरगं घाबरून रडायलाच लागलं. टीव्हीकडे बोट दाखवून मान हलवायला लागलं, हा नाही, हा नाही. त्याच्या लेखी डोरेमॉनचा आवाज माझ्या मुलीचा होता. हा कुणीतरी भलताच बोलत होता.

मग मुलीनं मला पाहिलं. तिचा चेहरा उतरला, ते मी आजही विसरलेलो नाही. नऊ महिन्यांत माझ्या मुलीनं काय शिकलं होतं? घरात खोटं बोलायला. ‘खेळायला जाते’ हे ती रोज माझ्या तोंडावर सांगत होती. शिनचॅननं तिला उद्धट एक वाक्य शिकवलं असेल, हे खोटं मात्र बंदीनं शिकवलं.

त्याच वर्षी आमच्या कारखान्यात बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याची लहान मुलांच्या नॅपकिनची ऑर्डर आली होती. त्यावर हाच डोरेमॉन. ग्राफवर चौकोन भरत त्याचं तोंड मी काढलं. टर्किश टॉवेलच्या कापडाला लव असते, त्यात बारीक रेघ उमटत नाही. मिशांच्या सहा रेघा आधी नुसत्या पुसट डाग दिसत होत्या, त्या जाड करायला दोन दिवस गेले. समोरून निळ्यावर पांढरं, उलटं केलं की पांढऱ्यावर निळं. माल तयार झाला आणि पुढच्या दुकानदारानं चित्राचा परवाना मागितला. व्यापाऱ्यानं परवाना घेतलाच नव्हता. माल परत आला, बाराशे नॅपकिन पडून राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की ते तोंड कुणाच्या तरी मालकीचं आहे आणि ते कापडावर काढायचे पैसे लागतात. घरात ज्याच्यावर बंदी, तेच तोंड मी दिवसभर विणत होतो. मुलीला काय सांगणार होतो?

ही धंद्याची बाजू आईबापांनी बघायला हवी, कार्टून चांगलं का वाईट या वादाच्या आधी. दादा म्हणायचा, आपल्या वेळची कार्टून साधी होती. दादा, ही-मॅन आठवतोय? बाहुला १९८२ ला बाजारात आला आणि कार्टून त्याच्या पाठोपाठ १९८३ ला. आधी खेळणं, मग त्या खेळण्यासाठी गोष्ट. अमेरिकेतल्या कंपनीनं बाहुले खपवायला काढलेली मालिका ती. आणि १९९३ ला रविवारी सकाळी ज्या मोगलीसाठी आख्खी गल्ली टीव्हीसमोर बसायची आणि तूही बसायचास, तो मोगली जपानमध्येच तयार झालेला. हिंदीतच लागायचा. आपली मराठी गेली का त्यानं?

दादा त्याच्या मुलाला फक्त छोटा भीम आणि देवादिकांची कार्टून दाखवायचा. आपल्या मातीतलं म्हणून. ज्या २००८ ला शिनचॅनवर बंदी आली त्याच वर्षी भीम सुरू झाला, हैदराबादच्या कंपनीचा. काम चांगलं आहे, गोष्टी पटपट पुढे जातात, मी कमी लेखत नाही. पण त्यात प्रत्येक अडचणीवर उत्तर एकच: लाडू खा आणि समोरच्याला लोळव. ‘मोटू-पतलू’मधल्या मोटूचं तेच, लाडवाच्या जागी समोसा. मला विचाराल तर पाच वर्षांच्या मुलासाठी शिनचॅनच्या आगाऊपणाइतकंच हेही बघण्यासारखं आहे. होम मैदानावर गड्ड्यात दादाच्या मुलानं भीमच्या मुखवट्यासाठी मातीत लोळण घेतली, तेव्हा दादानं मुखवटाही घेतला आणि गदाही. ते संस्कारी असल्यामुळे चाललं. माझ्या मुलीनं एक वाक्य बोललं ते चाललं नाही.

आता शिनचॅनचं. ते मुळात १९९० ला जपानमध्ये मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात चित्रकथा म्हणून सुरू झालं.  पाच वर्षांच्या पोराच्या तोंडून आईबापांच्या संसाराची गंमत सांगायची, अशी ती कल्पना. आपल्याकडे ते लहान मुलांच्या चॅनेलवर आणून बसवलं, घोळ तिथे झाला. २००८ च्या बंदीनंतर पुढच्या वर्षी काटछाट करून परत आलं, पण काटछाट केली तरी गंमत मोठ्यांचीच राहते. तुमचा मुलगा शिनचॅनच्याच वयाचा आहे. त्याला ते विनोद वाटणार नाहीत, वागायची पद्धत वाटेल. आठ-नऊचा झाला की बघू दे, तेव्हा त्याला कळतं की आई का चिडली.

डोरेमॉन मी आजही देईन. नोबिता आळशी आहे, रडका आहे, सगळं खरं. पण बहुतेक भागांत तो डोरेमॉननं दिलेल्या यंत्राचा गैरवापर करतो आणि शेवटी फसतो. पोरं हे बरोबर टिपतात. माझी मुलगी त्या बारक्याला तेच तर सांगत होती.

माझा धाकटा आता नऊ वर्षांचा आहे, त्यामुळे फोनचा त्रास नव्यानं भोगला आहे. टीव्हीवरच्या कुठल्याही कार्टूनपेक्षा मला फोनवर एकामागून एक आपोआप लागणारे व्हिडिओ जास्त वाईट वाटतात. त्याला ते मी दिलेच नाहीत. फोन दिला तर फक्त मी निवडलेला एक भाग, आणि पुढचं आपोआप लागणं बंद करून. २०१७ च्या सुमारास यूट्यूबवर ओळखीच्या कार्टूनची तोंडं वापरून घाणेरडे, भीती घालणारे व्हिडिओ मुलांसाठी म्हणून फिरत होते, ते सापडल्यावर हजारो काढावे लागले. चित्र ओळखीचं दिसलं की आपण निर्धास्त होतो. माझे बाराशे नॅपकिन आठवा. तोंड डोरेमॉनचं होतं, पण डोरेमॉनवाल्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

वस्तूंचा आमच्या घरी एक नियम आहे: वर्षाला एकाच कार्टूनची एकच वस्तू, आणि ती गड्ड्यात, त्यानं स्वतः निवडायची. दप्तर, डबा, पाण्याची बाटली साधी. चित्राचं दप्तर महाग असतं, आणि जूनमध्ये घेतलेलं तोंड दिवाळीपर्यंत पोराला नकोसं होतं. मग चांगलं दप्तर फेकायचं का?

किती वेळ, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, २०२१ ला दोन ते पाच वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. आम्ही अर्धाच तास ठेवला होता. जेवताना अजिबात नाही. भाकरी कुस्करून भरवत टीव्ही लावणाऱ्या आयांना मी तोंडावर बोललो आहे आणि वाईटपणाही घेतला आहे.

दोन गोष्टी राहिल्या. माझी मुलगी बडबडी, नकला करणारी होती, म्हणून तिला त्या कार्टूनमधून बोलणं सापडलं. तुमचा मुलगा हातपाय चालवणारा असेल तर तो भीमच्या लाथा उचलेल, मग माझं सगळं गणित तुमच्या घरात चालेलच असं नाही. दोन दिवस शेजारी बसून बघा, तो टीव्ही बंद झाल्यावर काय खेळतो ते. आणि मुलाला फिट येण्याचा त्रास कधी झाला असेल तर लुकलुकणाऱ्या दृश्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगझगाटानं सहाशेवर मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

त्या नोव्हेंबरातच मी वायर परत जोडून घेतली. दादा दोन महिने बोलला नाही. मुलीला एवढंच सांगितलं की भाग पूर्ण बघायचा, मधे कुणी बंद करणार नाही, पण संपला की संपला. बारक्यालाही आणायला सांगितलं. तो रोज साडेपाचला आमच्या दारात येऊन “अक्का” म्हणून हाक मारायचा, गळ्यात तोच निळा नॅपकिन. आमच्याकडे माग नव्हते, आवाज स्वच्छ यायचा, तरी तो टीव्हीचा आवाज बंद करायला लावायचा आणि तिच्याकडे तोंड करून बसायचा. शेवटचं गाणं लागलं की दोघंही चपला घालून बाहेर.