एका रात्रीत वाढलेले १.८ किलो

त्या आल्या तेव्हा हातात तपासण्यांची फाईल नव्हती, शंभर पानी वही होती. डावीकडे तारीख, उजवीकडे सकाळचं वजन, तेही दशांशासकट. सहा आठवड्यांत एकही दिवस सुटला नव्हता. एका नोंदीभोवती लाल पेनाने इतकं दाबून वर्तुळ काढलेलं की कागद फाटायला आला होता.

"मॅडम, हे बघा. शनिवारी सकाळी ७१.२. रविवारी सकाळी ७३.०. मधे फक्त बहिणीकडचं एक जेवण झालं. पाच आठवड्यांनी पहिल्यांदा भात खाल्ला मी. माझ्या अंगात भाताची रातोरात चरबी होते. काहींचं शरीरच तसं असतं ना?"

वय ४६, काम हिशेबाचं, दिवसभर बसून. आईला मधुमेह. 'कार्ब्ज बंद', म्हणजे कर्बोदकं बंद, असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी भात, गहू, बटाटा, फळं आणि कडधान्यंसुद्धा सोडली होती. पहिल्या आठवड्यात वजन २.९ किलोने उतरलं. मग उतार मंदावला, पोट साफ होईना, संध्याकाळी घरच्यांवर चिडचिड सुरू झाली आणि दोन जिने चढले की पाय भरून यायला लागले. ते सगळं त्यांनी सोसलं. तो रविवार मात्र सोसवला नाही.

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. आकडे बदलतात, भीती तीच असते. पूर्वी मी लगेच कागदावर जठर आणि आतडी काढायला घ्यायचे. समोरची माणसं माना डोलवायची आणि घरी जाऊन पुन्हा पहिल्यासारखीच घाबरायची. हल्ली आधी हिशेब मांडते. या बाई तर हिशेबातल्याच निघाल्या.

"एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण ७,७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त खाव्या लागतात. मग १.८ किलोला किती?"

त्यांनी तोंडीच केलं. "१३,८६०."

"१०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी. आता सांगा, त्या रात्री किती तांदूळ खाल्लेत?"

त्या क्षणभर गप्प बसल्या. "म्हणजे... चार किलो? कच्चे?"

"हो. शिजवून बारा किलोच्या आसपास. आणि तेसुद्धा रोजच्या गरजेवर, वरचे."

त्या हसल्या, पण पूर्ण पटल्यासारख्या नाही. "मग काटा खोटं बोलतो?"

काटा खरंच बोलतो, पण तो फक्त वजन सांगतो. ते वजन कशाचं आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

खाल्लेल्या कर्बोदकांतलं जे लगेच लागत नाही, त्यातलं बरंचसं शरीर ग्लायकोजेनच्या रूपात बाजूला ठेवतं. ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून केलेला हा साठा आहे. यकृतातला हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने शोधला. प्रौढ माणसाच्या यकृतात तो साधारण १०० ग्रॅम मावतो आणि सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. गंमत अशी की तो कोरडा ठेवता येत नाही. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पाच आठवडे त्यांची ही कोठारं अर्धीमुर्धी रिकामी होती. एका जेवणाने ती थोडी भरली आणि सोबत पाणी आलं. शिवाय जेवणात नेहमीपेक्षा जास्त मीठ होतं. जेवणानंतर रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन हे संप्रेरक वाढलं की मूत्रपिंडंही सोडियम धरून ठेवतात आणि सोडियमच्या मागोमाग पाणी थांबतं. वर सकाळी काट्यावर उभ्या राहिल्या तेव्हा रात्रीचं जेवण आतड्यातच होतं, त्याचंही वजन.

"म्हणजे ते सगळं पाणी," त्या म्हणाल्या. सुटल्यासारखा चेहरा झाला. आणि मग हिशेबातल्या माणसाच्या डोक्यात जे यायचं ते आलंच. त्यांनी वहीची पहिली पानं उलटली. "मग हे पहिल्या आठवड्यातले २.९?"

या वळणावर मला नेहमी वाईट वाटतं. कुणाचा आनंद हिरावून घ्यायला कुणाला आवडेल? पण लपवण्यातही अर्थ नसतो. मी म्हटलं, त्यातली थोडी चरबी नक्की होती. बराचसा भाग मात्र ग्लायकोजेन, त्याबरोबरचं पाणी आणि आतड्यातलं कमी झालेलं ओझं. जे पहिल्या आठवड्यात गेलं, त्यातलंच काही त्या रविवारी परत आलं. पुढच्या आठवड्यांत जो कंटाळवाणा, आठवड्याला ३००-४०० ग्रॅमचा उतार वहीत दिसत होता, तीच त्यांची खरी कमाई होती. त्याच पानांवर त्यांनी 'काहीच होत नाही' असं लिहून ठेवलं होतं.

चहा झाला आणि दुसरा प्रश्न आला. "पण आमचे हे म्हणतात, भात म्हणजे शेवटी साखरच. ते तरी खरं ना?"

अर्धं खरं आहे, म्हणून तर ते इतकं चिकटतं. भातातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, ही ग्लुकोजचीच लांबलचक माळ. भाताचा साधा घास मिनिटभर चावत राहा, तो गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम तिथेच माळ तोडायला सुरुवात करतं. जठरात आम्लामुळे ते काम थांबतं. खरी तोडणी पुढे लहान आतड्यात होते. स्वादुपिंडातून आलेलं अमायलेज माळेचे छोटे तुकडे करतं आणि आतड्याच्या अस्तरावरची एन्झाइम्स त्यांचे सुटे मणी करतात. ऊसाची साखर सुटते तेव्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळतं, दुधातली साखर सुटते तेव्हा ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ज्यांच्या अस्तरात ती सोडवणारं लॅक्टेज हे एन्झाइम कमी असतं त्यांची दुधाची साखर न सुटता पुढे जाते, म्हणून दूध प्यायल्यावर त्यांचं पोट गुडगुडतं. सुटलेले मणी अस्तरातून रक्तात उतरतात आणि आधी यकृतात जातात. गॅलॅक्टोजची आणि बहुतेक फ्रुक्टोजची व्यवस्था तिथेच लागते.

इथवर यजमानांचं म्हणणं बरोबर. पण मग मी त्यांना विचारलं, तुमच्या सगळ्या रक्तात मिळून या घटकेला साखर किती असेल? त्यांनी वाटीभर म्हटलं. उत्तर आहे एक छोटा चमचा. अंगात पाच लिटर रक्त आणि १०० मिलिलिटरला ९० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज धरलं, तर होतात पाचेक ग्रॅम. एका जेवणातून शंभर ग्रॅम येऊनही निरोगी माणसाच्या रक्तात तो चमचा दोन चमचे क्वचितच होतो. कारण साखर वाढू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी त्या निरोपावर ग्लुकोज आत घेणारी दारं पृष्ठभागावर आणतात. यकृत साठवण सुरू करतं. चार-पाच तासांनी उलटा निरोप जातो, ग्लुकॅगॉनचा, आणि यकृत साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडतं. रात्रभर आपण काही खात नाही तरी सकाळी तो चमचा जागेवर असतो तो यामुळे. मेंदू एकटा दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, त्याला झोपेतही लागतं. फार दिवस कर्बोदकं मिळालीच नाहीत तर यकृत चरबीपासून कीटोन्स करून मेंदूची बरीचशी गरज भागवतं, आणि प्रथिनांतून थोडं ग्लुकोजही बनवतं. शरीर अडून राहत नाही, पण रुळायला त्याला वेळ लागतो.

स्नायूंचं मात्र वेगळं आहे. त्यांच्याकडे यकृतासारखं ग्लुकोज मोकळं करणारं एन्झाइम नाही. मांडीतला साठा मांडीच वापरणार, तो रक्तात परत येत नाही. आणि जिने भराभर चढताना लागणारी ऊर्जा चरबीतून तितक्या वेगाने निघत नाही. तिथे ग्लायकोजेनच लागतं. बाईंचे पाय का भरून येत होते, ते यावरून त्यांचं त्यांनाच उमगलं.

"आणि चरबी कधी होते मग?"

होते, हे मी खाली मान न घालता सांगितलं. 'कर्बोदकांनी वजन वाढत नाही' असं उलट टोक गाठणारेही भेटतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. पण वाट सरळ नाही. रोजच्या मिश्र आहारात कर्बोदकांपासून थेट बनणारी चरबी थोडीच असते. भरपूर कर्बोदकं आली की शरीर इंधन म्हणून तीच आधी जाळतं आणि जेवणातलं तेल-तूप बाजूला राहून साठतं. कोठारं भरलेली असताना रोजच जास्त येत राहिलं, विशेषतः गोड पेयांतून, तर यकृत त्यातून चरबी करतंच. एका रात्रीचा तो खेळ नाही, महिन्या-वर्षांचा आहे.

'कार्ब्ज' हा शब्दच मला खटकतो. त्यात गोड सरबतही येतं आणि शिजवलेली मसूरही. दोन्हींचा ग्लुकोज रक्तात उतरण्याचा वेग वेगळा. सरबत अडवायला काही नसतं. मसुरीचं पिष्ट पेशींच्या भिंतींत कोंडलेलं, बरोबर प्रथिनं आणि तंतू, म्हणजे फायबर. भात आणि बटाटा शिजवून गार केला तर त्यातलं थोडं पिष्ट पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि लहान आतड्यात सुटत नाही. या फरकाने कुणाचं आयुष्य बदलत नाही, पण विचारतात म्हणून सांगते. तंतू तर आपण पचवूच शकत नाही. ते मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यातल्या काहींपासून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते आवडतं इंधन. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. बाईंनी फळं आणि कडधान्यं काढून टाकली तेव्हा तेच गेलं आणि पोट साफ होईनासं झालं. साखर सोडल्याचा फायदा घेताना त्यांनी कडधान्यं सोडल्याचं नुकसानही करून घेतलं होतं.

एवढ्यावर सोडलं असतं तर त्या आनंदाने घरी जाऊन दोन वेळा पोटभर भात जेवल्या असत्या. म्हणून तपासण्या करायला सांगितल्या. उपाशीपोटीची साखर आली १०४, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी ५.८. दोन्ही आकडे मधुमेहाच्या अलीकडे, पण निरोगी मर्यादेच्या पलीकडे. इन्सुलिनचा निरोप पेशींना थोडा कमी ऐकू यायला लागला होता. त्यांचं कर्बोदकं कमी करणं मुळात चुकीचं नव्हतंच. फक्त त्यांनी सगळ्यांना एकाच काठीने हाकललं होतं.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. ताटाचा चौथा हिस्सा धान्याचा, भात हवा तर भात. निम्मं ताट भाज्यांचं, उरलेल्यात डाळ-कडधान्यं किंवा दुसरं प्रथिन. फळ चावून खायचं, रस नाही. आणि दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चालायचं. हे शेवटचं त्यांना किरकोळ वाटलं, म्हणून १९६६ सालचा एक प्रयोग सांगितला. बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी तो स्वतःवरच केला. एकाच सायकलवर दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने ती दमेपर्यंत चालवली. मग तीन दिवस कर्बोदकांचा भरपूर आहार घेतला. दमलेल्या पायाच्या स्नायूत ग्लायकोजेन विश्रांती घेतलेल्या पायापेक्षा दुपटीच्या आसपास साठलं. माणूस तोच, जेवण तेच. काम करणारा स्नायू ग्लुकोजसाठी दार उघडतो, आणि आकुंचन पावताना ते इन्सुलिनच्या निरोपाशिवायही उघडतं. ज्यांना तो निरोप कमी ऐकू येतो त्यांच्यासाठी ही मागच्या दाराची सोय फार कामाची.

वजन आठवड्यातून एकदाच करायचं ठरलं. ते त्यांनी पाळलं नाही. चार महिन्यांनी वही घेऊन आल्या तेव्हा रोजच्या नोंदी होत्याच. पण उडी दिसली की शेजारी बारीक अक्षरात 'पाणी', 'खारट', एकदा तर 'पोट साफ नाही' असं लिहिलेलं. वजन ६९.८, एचबीएवनसी ५.६. जिने चढून वर आले, लिफ्टने नाही, हे त्यांनी दोनदा ऐकवलं.

निघता निघता म्हणाल्या, "आता आईचाही भात निम्म्यावर आणते."

मी त्यांना पुन्हा बसवलं. आई ७० वर्षांच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांवर. काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. अशा गोळ्या किंवा इन्सुलिनची इंजेक्शनं चालू असताना जेवणातली कर्बोदकं अचानक कमी केली, तर तो एक चमचाही रक्तात पुरा राहत नाही. घाम, थरथर, गोंधळ, कधी बेशुद्धी. तिथे आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यायची, ताटाला हात नंतर लावायचा.

त्यांनी वहीचं मागचं पान उघडून तेवढं लिहून घेतलं. आईच्या औषधांची चिठ्ठी घेऊन पुढच्या गुरुवारी दोघी येणार आहेत.