‘चेक’ने मला २०० डझनांना शह दिला

अमेरिकन गिऱ्हाइकाने ‘चेक मेल्ड’ एवढंच कळवलं, याचा अर्थ ‘मेल तपासला’ की आणखी काय, असं तुम्ही विचारलंत. ते वाचून इथे मला घाम फुटला. उत्तर सरळ आहे: अमेरिकन गिऱ्हाइकाने तुमचा मेल तपासलेला नाही, सँपलच्या पैशांचा चेक टपालात टाकलाय. बँकेच्या चेकचं स्पेलिंग आपण ब्रिटिशांसारखं क्यू घालून करतो, ते लोक सी-के घालून.

माझी चूक याहून महाग पडली. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे टेरी टॉवेलचे माग. ऑर्डरच्या शेवटी ओळ होती, ‘चेक बॉर्डर बोथ साइड्स’. माझ्या गिऱ्हाइकाला म्हणायचं होतं, किनार दोन्ही बाजूंनी तपासून पाठवा. मला शंका आली होती, खोटं कशाला बोलू. म्हणून निर्यातदारांच्या मदतीसाठीच असलेल्या एका कार्यालयात गेलो. साहेबांनी कागद हातातही न घेता सांगितलं, ‘टॉवेलच्या धंद्यात चेक म्हणजे चौकडी, आणखी काय!’ झालं. रंगीत सूत आणून २०० डझनांच्या किनारीत चौकडी विणली. अख्खा माल नापास. साहेबांना पुन्हा भेटलो तर म्हणाले, लेखी विचारायचं होतं.

मग खुन्नस धरून त्या शब्दाचं मूळच खणलं (मी टॉवेलवाला, भाषातज्ज्ञ नव्हे). तर हा आपल्या ‘शह’चा सख्खा भाऊ निघाला! फारसी ‘शाह’ म्हणजे राजा. बुद्धिबळाबरोबर अरबी, फ्रेंच करत इंग्रजीत पोचला. शह दिला की राजा अडतो, म्हणून चेक म्हणजे अडवणं. त्यातून आवर घालणं, मग तपासणं. पटावरच्या घरांवरून चौकडीचं कापड. मध्ययुगात इंग्लंडचे सरकारी हिशेब तसलंच कापड अंथरलेल्या मेजावर सोंगट्या मांडून व्हायचे, म्हणून खजिना झाला ‘एक्सचेकर’. चेकच्या स्पेलिंगमध्ये क्यू घुसला तो त्याच्याच वळणाने. म्हणजे माझी चौकडी, तुमचा चेक आणि माझ्या गिऱ्हाइकाची तपासणी, तिन्ही एकाच पटावरची. साहेबांना हे सांगायला गेलो नाही.

माझं मत, पटलं तर घ्या: ओळ ‘हे कर’ म्हणतेय की ‘असं आहे’ म्हणतेय, एवढं आधी बघा. तरी अडलं तर थेट गिऱ्हाइकालाच विचारा. लाज वाटते, पण सूत वाचतं.

ता. क. चेक हाती आला तरी वटेपर्यंत माल सोडू नका. परदेशी चेकला आठवडे लागतात, आणि बँक आपले पैसे कापते ते वेगळंच.